व्यायामाला सोबत हवी

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी आशाताई एक फॉर्म घेऊन येते. आरोग्य खात्यात त्याला सीबॅक म्हणतात. वय किती, विडी-तंबाखू-खर्रा खाता का, दारू घेता का, घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयाचा आजार आहे का, असे मोजके प्रश्न त्यावर असतात. मग ती टेप काढून कमरेचा घेर मोजते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाची ९० पर्यंत असेल तर शून्य गुण, त्यापुढे गुण चढत जातात. त्याच कागदावर आणखी एक प्रश्न आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक व्यायाम होतो का? 'नाही' म्हटले की एक गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचे. तिथे बीपी निघाले तर गोळ्या सुरू होतात, शुगर निघाली तर औषध आणि पथ्य सांगितले जाते. तंबाखू सोडवायला समुपदेशन तरी आहे. १५० मिनिटांच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्याला मात्र 'रोज चालत जा' एवढाच सल्ला मिळतो. त्याला कुठे पाठवावे, अशी जागाच आशाताईकडे नसते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ही जागा गावोगावी आणि वॉर्डावॉर्डात तयार झाली पाहिजे, आणि ती सार्वजनिक पैशातून तयार झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जागा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर इमारत नाही, यंत्रे तर नाहीतच. एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या वीस-पंचवीस प्रौढांचा एक गट, आठवड्यातले तीन-चार ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, आणि व्यायाम शिकवणारा, हजेरी घेणारा, न आलेल्याच्या घरी जाऊन विचारपूस करणारा एक माणूस. त्या माणसाला नियमित मानधन मिळाले पाहिजे. मोठ्या शहरांत लोक महिन्याची फी भरून 'ग्रुप फिटनेस'च्या वर्गांना जातात, तिथे त्यांना खरा उपयोग होतो तो याच गोष्टींचा. ते आपल्याला फीशिवाय, आपल्या पद्धतीने उभे करता येते.

गेल्या काही वर्षांत सरकारने या कामावर खर्च केला नाही असे म्हणता येणार नाही. जिल्हा नियोजनातून, आमदार निधीतून, व्यायामशाळा विकासाच्या अनुदानातून ओपन जिम ठिकठिकाणी बसल्या. बगिच्यात, ग्रामपंचायतीसमोर, शाळेच्या आवारात ती रंगीत लोखंडी यंत्रे आता ओळखीची झाली आहेत. एकावर पाय पुढेमागे हलवायचे, दुसऱ्यावर उभे राहून कंबर फिरवायची, तिसऱ्यावर बसून दांडी ओढायची. शहरातल्या काही बगिच्यांत निवृत्त मंडळी त्यांचा नेमाने वापर करतात आणि ते चांगलेच आहे. पण ज्याने कधी व्यायाम केलेला नाही, ज्याला गुडघा दुखतो म्हणून भीती वाटते, चारचौघांत हात-पाय हलवायची जिला लाज वाटते, त्या माणसाला ते लोखंड बोलावत नाही. कसे वापरायचे हे सांगायला तिथे कुणी नसते. उद्या तो आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बहुतेक यंत्रांवर स्वतःच्या शरीराचेच वजन हलवायचे असते. शरीर सरावले की भार वाढवायची सोय नाही, म्हणून ताकद एका मर्यादेपुढे जात नाही. शिवाय आपले हवामान. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी उन्हे चढली की त्या दांड्यांना हात लावता येत नाही. पावसाळ्यात सांधे गंजतात. यंत्र बसवण्याचा खर्च एकदाच मंजूर होतो, फलक लागतो, फोटो निघतो. माणसाच्या मानधनाचा खर्च दरवर्षी करावा लागतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. लोखंड घेतले जाते आणि माणूस नेमला जात नाही, त्याचे कारण मला यातच दिसते.

याची गरज इथे किती आहे, हे गडचिरोलीनेच देशाला आधी दाखवले. नवजात बाळांच्या घरोघरी काळजीच्या कामासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातल्या ८६ गावांत, सुमारे ९४ हजार लोकसंख्येत, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले होते. दर सात मृत्यूंमागे एक, आणि सगळ्या कारणांत सर्वांत मोठे कारण. लकव्याने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसांनी घरीच प्राण सोडला. गडचिरोली म्हटले की मलेरिया, कुपोषण आणि बालमृत्यू एवढेच चित्र ज्यांच्या मनात होते, त्यांनी हे आकडे पुन्हा वाचायला हवेत. त्या अडचणी संपलेल्या नाहीत आणि त्यांच्या शेजारी ही नवी अडचण येऊन बसली आहे. देशाचे चित्रही तेच सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि ३५ टक्क्यांहून जास्त प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आहे. पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेल्याचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने २०२४ मध्ये छापला. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जंगलपट्टीतला माणूस मुळात राबणारा. चिखलात वाकून रोवणी करणारी, डोक्यावर सरपणाची मोळी आणणारी, पहाटे मोहफुले वेचणारी, भर उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून रात्री पुडके बांधणारी बाई. तिला व्यायाम सांगणे म्हणजे तिच्या कष्टांची थट्टा नाही का? रोवणीच्या हंगामात तिला व्यायामाला बोलावू नये, हे मी आधीच मान्य करतो. पण तीन गोष्टी पाहाव्या लागतील. एक, हे कष्ट हंगामी आहेत. धानाची कापणी-मळणी झाली की मोहफुलांपर्यंतचे महिने अनेक गावांत कामाची ओढ राहत नाही. ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आले, शेतावर जायला दुचाकी आली. दोन, हे कष्ट एकाच बाजूचे आहेत. दिवसभर वाकून केलेल्या रोवणीने कंबर दुखते; छातीचा दम वाढत नाही, पाठीचे स्नायू सशक्त होत नाहीत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला एक लाखाहून जास्त प्रौढांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेऊन २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासात असे दिसले की मोकळ्या वेळातला व्यायाम हृदयाचे रक्षण करतो, कामावरचे जड कष्ट मात्र तसे करत नाहीत. उलट अशा कामगारांत धोका वाढलेला आढळला. शास्त्रज्ञांत यावर वाद आहे, आणि डेन्मार्कचा गोदी कामगार म्हणजे आपला शेतमजूर नव्हे. तरीही कष्ट म्हणजे व्यायाम हे समीकरण इतके सरळ नाही, एवढे त्यातून नक्की कळते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: सर्चच्या अभ्यासातली ८६ गावे राबणाऱ्यांचीच गावे होती. कष्टांनी त्या २२९ जणांना वाचवले नाही. त्यामागे न मोजलेला रक्तदाब, मीठ, तंबाखू अशी बरीच कारणे असतात, एकटा व्यायाम त्याला पुरा पडणार नाही. मात्र आठवड्यातून तीनदा एकत्र येणारी पंचवीस माणसे ही रक्तदाब मोजायची आणि खर्रा सोडवायचीही सर्वांत सोपी जागा आहे.

आणि या दोन जिल्ह्यांत सगळेच रोवणीला जात नाहीत. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले कर्मचारी, दुकानदार, ऑटोवाले आहेत. बल्लारपूर, माजरी, दुर्गापूरच्या कोळसा खाणींत पूर्वी टोपली-फावडे चालायचे. आज उघड्या खाणीतला डंपरचालक आठ तासांची पाळी एका सीटवर बसून काढतो, धुळीत, हादरे खात, आणि पाळी दर आठवड्याला बदलते म्हणून त्याचे जेवण आणि झोपही बदलते. औष्णिक वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षातही काम बसूनच होते. सूरजागडच्या लोहखनिजामुळे एटापल्लीकडच्या तरुणांना गाडीवरच्या, गेटवरच्या, कार्यालयातल्या नोकऱ्या मिळू लागल्या आहेत. एका पिढीत डोंगर चढणारे पाय खुर्चीत बसू लागले, आणि जेवणातला भात मात्र तेवढाच राहिला.

आता मूळ मुद्दा: एकट्याने चालायला काय हरकत आहे? रस्ता फुकट आहे, योगासने मोबाइलवर दिसतात. हरकत काहीच नाही, जो नेमाने करतो त्याने जरूर करावे. प्रश्न आहे तो न करणाऱ्यांचा, आणि सुरू करून पंधरा दिवसांत सोडणाऱ्यांचा. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी गटाने चालण्याच्या उपक्रमांवरचे जगभरातले ४२ अभ्यास एकत्र तपासले. १,८००हून थोड्या जास्त लोकांची ती माहिती होती. वरचा रक्तदाब सरासरी पावणेचार अंकांनी आणि खालचा तीन अंकांनी उतरला, शरीरातली चरबी घटली, दम वाढला, उदासी कमी झाली; आणि चारातले तीन जण टिकून राहिले. व्यायामाच्या बाबतीत 'टिकून राहिले' हा निकाल रक्तदाबाच्या आकड्याइतकाच मोलाचा आहे. त्याआधी २००६ मध्ये याच विषयावरच्या अभ्यासांचा दुसरा एक एकत्रित आढावा निघाला होता आणि त्यातली गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. नुसते एका खोलीत शेजारी उभे राहून व्यायाम करणे आणि अधूनमधून कुणीतरी फोन करत असताना घरी व्यायाम करणे यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो जिथे गट जाणीवपूर्वक बांधला गेला तिथे: गटाला नाव होते, सगळ्यांचे मिळून एक उद्दिष्ट होते, प्रत्येकाकडे काहीतरी काम होते, माणसे एकमेकांची चौकशी करत होती. म्हणजे मोठ्या मैदानात दोनशे जण बोलावून एक दिवस योगासने करवून घेतल्याने गट होत नाही. तो रोजच्या ओळखीतून होतो, आणि त्यासाठी कुणीतरी मन लावून खपावे लागते.

मधुमेहाच्या बाबतीत पुरावा आणखी जवळ येतो. आहार आणि व्यायाम बदलून मधुमेह लांबवता येतो, हे अमेरिकेत २००२ मध्ये आणि भारतात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. भारतातल्या त्या प्रयोगात धोका साधारण २८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिनच्या गोळीइतकाच. पण अमेरिकेचा मूळ प्रयोग एकेका माणसाला वेगळा सल्लागार देऊन केला होता आणि तो फार महाग पडत होता. मग इंडियानापोलिस शहरात तोच कार्यक्रम वायएमसीएच्या व्यायामशाळांत, गटाने, त्यांच्याच प्रशिक्षकांकडून करून पाहिला. २००८ मध्ये निकाल आला: गटातल्या लोकांचे वजन सहा टक्क्यांनी उतरले, नुसता सल्ला मिळालेल्यांचे दोन टक्क्यांनी. डॉक्टर नव्हते, दवाखाना नव्हता. शेजारच्या व्यायामशाळेतला माणूस आणि आठवड्याची बैठक यावर ते झाले.

उलट बाजूचा पुरावाही समोर ठेवला पाहिजे. केरळात ६० मतदान केंद्रांच्या परिसरांत १,००७ लोकांना घेऊन असाच प्रयोग झाला. गटाचे नेतृत्व डॉक्टरांनी नव्हे, त्याच वस्तीतल्या माणसांनी केले. दोन वर्षांनी गटातल्या १५ टक्के लोकांना मधुमेह झाला आणि गट नसलेल्यांतल्या १७ टक्क्यांना. हा फरक इतका लहान आहे की तो योगायोगही असू शकेल, आणि २०१८ मध्ये निकाल छापताना संशोधकांनी ते स्पष्ट लिहिले. गटातल्या लोकांची दारू कमी झाली, फळे-भाज्या वाढल्या, शरीराची कामे करण्याची क्षमता सुधारली, पण मधुमेह अडला असे म्हणता आले नाही. म्हणून कोणत्याही पुढाऱ्याने 'गट करा, शुगर जाईल' असे आश्वासन देऊ नये. मला मात्र त्या प्रयोगाच्या रचनेकडे पाहावेसे वाटते. वर्षभरात पंधरा बैठका होत्या, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांनी एक, आणि त्यात भर बोलण्यावर, माहितीवर होता. आठवड्यातून तीनदा जमून अंगातून घाम काढणारा गट ही वेगळी गोष्ट आहे. शरीराला जे करायला लावायचे ते बैठकीतच झाले पाहिजे. घरी जाऊन करा असे सांगून भागत नाही.

गट बांधायची कला चंद्रपूर-गडचिरोलीला बाहेरून शिकवावी लागत नाही, आणि मला या जिल्ह्यांबद्दल सर्वांत जास्त आशा वाटते ती याच कारणाने. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने अभ्यासगटात बसून, बोलून, सर्वांची संमती होईपर्यंत थांबून निर्णय घेण्याची पद्धत बसवली, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गडचिरोलीतली दारूबंदी १९९३ मध्ये आली ती गावोगावच्या बायकांच्या आणि संघटनांच्या चळवळीतून. चिमूरच्या १९४२च्या उठावाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त ग्राम-आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आजही या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत ठरलेल्या वेळी होते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, माणसे येतात. व्यायामाला नेमकी हीच सवय लागते. विदर्भातच, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तिथे दाखवली. माडिया-गोंडांचा रेला किंवा राजुरा-जिवतीकडचा ढेमसा पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको: हातात हात, एका तालात, बाया-माणसे तासन्‌तास. एवढा दम लागणारा आणि इतक्या आनंदाने होणारा व्यायाम कुठल्याही शहरी वर्गात मिळणार नाही. गटाच्या कार्यक्रमात त्याला मानाची जागा असावी, सोबत पायांना आणि पाठीला ताकद देणारे बाकीचे व्यायामही असावेत.

आणि आजच्या घडीला गटाने व्यायाम करणारे हजारो तरुण आपल्या डोळ्यांसमोर आहेत, फक्त आपण त्यांना तसे म्हणत नाही. पहाटे साडेचार-पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरे-पोरी धावत असतात. पोरांचे १,६०० मीटर, पोरींचे ८००, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. घड्याळ धरणारा एक मोठा पोरगा असतो, मागे पडणाऱ्याला ओरडून पुढे ओढणारे चार मित्र असतात. यंत्र एकही नाही. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठले तेही असेच, एकत्र सराव करून. पण भरती झाली किंवा वय उलटले की हे सगळे थांबते. ज्या वयात कंबर वाढायला लागते, बीपी चढायला लागते, त्याच वयात गट सुटतो. भरतीत दोन-तीनदा थोडक्यात हुकलेला, मैदानाची नस कळलेला असा एक तरी तरुण किंवा तरुणी प्रत्येक मोठ्या गावात आहे. काही आठवड्यांचे नीट प्रशिक्षण देऊन त्यांनाच गटाचे काम का देऊ नये?

बायकांचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे. त्यांना वेळ नाही, असे सगळेच म्हणतात आणि ते खरे आहे. पहाटे पाणी, स्वयंपाक, डबे. संध्याकाळी पुन्हा चूल. त्यातून चारचौघांत व्यायाम करणारी सून सासरी बोलणी खाते. त्यामुळे पुरुषांच्या वेळेच्या, पुरुषांच्या मैदानावरच्या गटात त्यांना सामील करून घेण्याचा आग्रह निरर्थक आहे. त्यांचा गट आधीच आहे: बचत गट. 'उमेद'चे आणि 'माविम'चे गट आठवड्याला किंवा पंधरवड्याला जमतात, हजेरी लिहितात, पैसे मोजतात, आणि त्या बैठकीला जायला घरातून आडकाठी होत नाही, कारण तिला आता मान आहे. त्याच बायकांना, त्याच अंगणात, दुपारच्या मोकळ्या वेळी, आणखी दोन दिवस जमवता येईल. साडीतच करता येतील असे व्यायाम निवडावेत: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलणे, पाण्याने भरलेली कॅन दोन्ही हातांत धरून चालणे, मग गाण्यावर दहा मिनिटे पाय. गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या बाईला सहा आठवड्यांत जमिनीवरून आधाराशिवाय उठता आले, तर पुढच्या बैठकीला ती शेजारणीला घेऊन येईल.

वेळ ठरवायची म्हटले की उन्हाचा आणि जंगलाचा प्रश्न येतो, आणि बाहेरचे तज्ज्ञ हेच विसरतात. 'पहाटे फिरायला जा' हा सल्ला पुण्यात ठीक आहे. इथे २०२२ मध्ये चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे मारली गेली. मोहफुलांच्या दिवसांत अंधारात वाकून वेचणारी माणसे वाघाच्या तावडीत सापडतात. एकट्याने पहाटे रस्त्याने चालणे हा सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरीकडे जिवाशी खेळ आहे. चंद्रपूर परिसराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच अतिप्रदूषित ठरवले होते. तिथे हिवाळ्याच्या धुरकट सकाळी ट्रक जाणाऱ्या रस्त्यावर धावणे फुप्फुसांना जड जाते. म्हणून या दोन जिल्ह्यांत व्यायाम छताखाली, वस्तीत आणि गटाने होणे ही चैन नाही. समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, गोटुल, नगर परिषदेचा हॉल यांतले काहीतरी प्रत्येक ठिकाणी आहे आणि दिवसाचा बराच वेळ रिकामे असते.

धोक्यांचाही विचार हवा. या पट्ट्यात सिकलसेल आहे. असा रुग्ण उन्हात, पाणी न पिता दमला तर वेदनेचा झटका येऊ शकतो. रक्तदाब फार चढलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी जोर काढू नयेत. अंगावर मांस नसलेल्या, पोट न भरणाऱ्या माणसाला व्यायामापेक्षा आधी जेवण हवे, आणि अशांना गटात आणून वजन कमी करायला सांगणे अन्याय होईल. यावर उत्तर एकच: उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने गट सुरू होण्याआधी प्रत्येकाला तपासावे आणि कुणी काय करू नये हे गटप्रमुखाला लिहून द्यावे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योग आणि आरोग्य सत्रे घेण्याची तरतूद आज आहेच. ती जयंती-दिनापुरती न राहता आठवड्याला तीनदा झाली, तर या कामाचा अर्धा खर्च नव्याने मागावाही लागणार नाही. फार आजारी माणसांनाही गट उपयोगी पडतो, याचा दाखला 'सर्च'च्या डॉ. अभय बंग यांनीच दिला आहे. ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी जगणे कसे बदलले ते 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात महाराष्ट्राने वाचले. त्यांनी आधार घेतलेल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या उपचारपद्धतीत आहार, व्यायाम, ध्यान यांच्या बरोबरीने रुग्णांच्या नियमित गटबैठकाही होत्या, हा तपशील वाचताना बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटतो.

प्रत्येकाने आपल्या तब्येतीची काळजी आपणच घ्यावी, सरकारने व्यायाम का करवून घ्यावा, असेही काही जण विचारतील. एका लकव्याने काय होते ते पाहावे. कमावता माणूस खाटेला लागतो, बायकोची मजुरी बुडते, पोरीची शाळा सुटते, नागपूरच्या फेऱ्यांत शेत गहाण पडते. तो भार सरकारी दवाखान्यावर आणि निराधार योजनेवर येतोच. ज्यांना परवडते ते शहरातल्या खासगी जिममध्ये जातातच, आणि त्यांनी जावे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा असतो.

तेव्हा मागणी साधी आहे. येत्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी नव्या ओपन जिमचा निधी थांबवावा आणि तो गटप्रमुखांच्या प्रशिक्षणाला आणि मानधनाला लावावा. बांबू-तेंदूच्या विक्रीतून ज्या ग्रामसभांकडे स्वतःचा पैसा येतो, त्यांनी सरकारची वाट पाहू नये. खाणी, वीज केंद्र आणि कारखान्यांनी पाळी सुटण्याच्या वेळेला जोडून अर्धा तास द्यावा, तो कामाच्या वेळेत धरून. सुरुवात धान घरात आल्यावर, मंडईच्या दिवसांत करावी. तेव्हा हवा थंड असते आणि हात मोकळे असतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा रक्तदाब, कमरेचा घेर आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते हा आकडा वहीत लिहावा. होळीच्या आधी तेच पुन्हा मोजावे आणि नावे न घेता ग्रामसभेत वाचून दाखवावे: किती जण आले, किती टिकले, किती जणांचा रक्तदाब उतरला, किती जणांचा खर्रा सुटला. गट चालू ठेवायचा की नाही, ते मग गावाने ठरवावे.